घाट, घरे आणि अमूर्त चित्रकला

नोकरीधंद्यानिमित्त महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यात एखादे निसर्गचित्र बहुधा असतेच. नाशिकचा गोदाघाट, वाईचा कृष्णाकाठ, कोकणातील माडांची राई, नाहीतर एखाद्या गडाचा तुटलेला कडा. पाहुण्याने ‘हे कोठले?’ म्हणून विचारावे आणि यजमानाने गावाचे नाव सांगून चार आठवणी काढाव्यात, असा शिरस्ता आहे. चित्राचे मोल त्या नावात साठलेले असते. अमूर्त चित्रापुढे मात्र हा प्रश्न निरुत्तर होतो. तेथे गावाचे नाव नाही, झाड नाही, माणूस नाही; आहेत ते केवळ रंगांचे थर, काही तिरके आकार आणि पुष्कळशी मोकळी जागा. ‘यात काय दाखविले आहे?’ असे आपण वैतागून विचारतो आणि उत्तर न मिळाल्यास ही कला आपल्यासाठी नव्हेच, असा निकाल देऊन मोकळे होतो.

हा निकाल घाईचा आहे, असे आम्हांस वाटते. विसाव्या शतकातील भारतीय अमूर्त चित्रकलेचा फार मोठा भाग जमिनीतून, नदीकाठातून आणि माणसाने बांधलेल्या घरांतून, भिंतींतून व पायऱ्यांतून जन्मास आला आहे. शिवाय ही चित्रे काढणारे कलावंत बहुतेक सारे आपापल्या मुलखापासून दूर गेलेले होते. त्यांच्या चित्रांत जे उरले आहे, ते अंतर पडल्यानंतर मनात जे उरते तेच होय. म्हणूनच पन्नास वर्षे परप्रांतात मराठीपण जपणाऱ्या मंडळाच्या स्मरणिकेत या विषयास स्थान असणे अप्रस्तुत ठरू नये.

अमूर्ताची वाट

अमूर्त चित्रकला एकाएकी आकाशातून पडलेली नाही. युरोपातही तिची वाट निसर्गातून आणि वास्तूंतूनच गेली. डच चित्रकार पीट मोंद्रियान याचे नाव घेताच काळ्या रेषांच्या जाळीत बसविलेले तांबडे, पिवळे व निळे चौकोन डोळ्यांपुढे येतात. परंतु या चौकोनांपर्यंत तो झाडे रंगवीत पोहोचला. एकाच झाडाच्या फांद्या तो पुनःपुन्हा रंगवीत गेला, आणि दर चित्रात झाड थोडे कमी व फांद्यांतील अवकाश थोडा अधिक होत गेला. डोमबुर्ग या किनाऱ्यावरील गावातील चर्चची दर्शनी भिंत, तसेच समुद्रात शिरलेला धक्का यांची त्याने १९१४-१५ च्या सुमारास केलेली चित्रे पाहिली की, आडव्या व उभ्या रेषा त्यास कोठे सापडल्या हे स्पष्ट दिसते. समुद्राची आडवी रेषा निसर्गाने दिली, तर भिंतीची उभी रेषा माणसाने.

त्यापूर्वी पोल सेझानने डोंगर आणि घरे यांच्यामागील रचना शोधण्याचा ध्यास घेतला होता. दृश्याची नक्कल करण्यापेक्षा दृश्य ज्यावर उभे आहे तो सांगाडा पकडणे, हा त्याचा प्रयत्न. भारतीय चित्रकारांवर या विचाराचा परिणाम पुढे खोलवर झाला. मात्र विचार बाहेरून आला तरी त्यास लागणारी माती येथलीच होती. त्या मातीचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे काशीचे घाट.

घाट कोणी बांधले?

काशीस गंगा उत्तरेकडे वाहते. तिचा पश्चिम तीर उंच, तर पूर्व तीर सखल व वाळूचा. त्यामुळे सारे नगर एकाच काठावर दाटलेले आहे आणि समोरचा काठ रिकामा आहे. पावसाळ्यात नदीची पातळी दहा मीटरांहूनही अधिक चढते. म्हणूनच पायऱ्यांच्या एवढ्या उंच रांगा, बुरुजांसारखे गोल आधार आणि वाड्यांच्या पायथ्याशी खिडकी नसलेल्या अवाढव्य भिंती बांधाव्या लागल्या. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे जाड थर उरतात आणि दरवर्षी ते उपसून काढावे लागतात. सहा किलोमीटरांहून अधिक लांबीच्या या दगडी काठाचा आजचा आकार बव्हंशी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत घडला, आणि त्या घडणीत मराठ्यांचा हात फार मोठा आहे.

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० साली पुन्हा उभे केले, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असते. त्यांच्याच नावाचा घाट दशाश्वमेधाशेजारी आहे. आणि दशाश्वमेध घाटाच्या बांधणीतही पेशवा बाळाजी बाजीराव व नंतर अहिल्याबाई यांचा वाटा आहे. ब्रह्माघाट व दुर्गाघाट या भागाशी पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांचे नाव निगडित असून तेथील गल्ल्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. नागपूरकर भोसल्यांचा घाट आपल्या जड, तटबंदीसारख्या वाड्याने आजही ओळखू येतो. त्याच भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुनशी यांच्या नावाचा मुनशी घाट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. अमृतराव पेशव्यांनी बांधविलेला घाट पुढे राजाघाट म्हणून ओळखला जाऊ लागला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेल्या शिंदे घाटाची कथा तर विलक्षण आहे. त्याचा भार एवढा प्रचंड होता की, नदीकाठच्या मऊ भूमीत तो स्वतःच्याच वजनाने खचला. पुढे विसाव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार झाला. जवळच पाण्याशी एका बाजूस कललेले रत्नेश्वराचे देवालय आजही उभे आहे आणि पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्याखाली जातो.

हे सारे बांधणारे लोक काशीस परमुलखीच होते. अहिल्याबाई माळव्यात राहून घाट बांधवीत होत्या. बायजाबाईंना १८३३ साली ग्वाल्हेर सोडावे लागले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी राजधानीबाहेर काढली. अमृतरावही पेशवाईच्या वारसाहक्काच्या भांडणातून बाजूस पडून उत्तरेत स्थिरावले होते. ज्यांची मुळे दूरच्या भूमीत होती, अशांनी परक्या नदीच्या काठी दगड रचून पाय टेकण्यास जागा केली. घाट म्हणजे तरी दुसरे काय? वाहत्या पाण्यापर्यंत सुखरूप उतरता यावे, म्हणून माणसाने केलेली सोय.

नोंदीपासून अनुभवापर्यंत

या घाटांची चित्रे परदेशी कलावंतांनी फार पूर्वीपासून काढली. विल्यम हॉजेस हा इंग्रज चित्रकार १७८१ साली काशीस होता. त्यानंतर काही वर्षांतच टॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम यांनी तेथील घाटांची रेखाटने केली. त्यांवरून छापलेली रंगीत चित्रे विलायतेत गाजली. त्यांत दशाश्वमेध घाटही आहे. पुढे जेम्स प्रिन्सेप हा टांकसाळीचा अधिकारी दहा वर्षे काशीस राहिला. ब्राह्मी लिपी उलगडणारा म्हणून इतिहासास परिचित असलेला हाच तो विद्वान. त्याने शहराची मोजणी करून नकाशा तयार केला आणि तेथील वास्तूंची व जनजीवनाची शिळाछापाची चित्रे १८३० नंतरच्या वर्षांत भागाभागांनी प्रसिद्ध केली. कोणता घाट कोठे, कोणत्या वाड्याचा सज्जा कसा, हे त्यांवरून नेमके कळते. इतिहासाच्या अभ्यासकास ही चित्रे अमोल आहेत.

परंतु नोंद आणि अनुभव या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्या चित्रांत काशी दिसते. काशीस गेल्यावर छातीवर जे दडपण येते ते त्यांत नाही. छायाचित्रकला आल्यानंतर तर नोंदीचे काम यंत्राने अधिक अचूकपणे करण्यास प्रारंभ केला. मग चित्रकाराने घाटावर जाऊन करावयाचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर १९६० साली एका हिमाचली चित्रकाराने दिले.

रामकुमारांची काशी

रामकुमार यांचा जन्म १९२४ साली सिमल्यास झाला. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले, काही काळ बँकेत नोकरी केली आणि ती सोडून ते चित्रकलेकडे वळले. शैलोज मुखर्जी हे त्यांचे दिल्लीतील गुरू. १९४९ च्या अखेरीस ते पॅरिसला गेले व तेथे आंद्रे ल्होत आणि फेर्नां लेजे यांच्याकडे शिकले. हिंदीत ते कथाही लिहीत. प्रसिद्ध कथाकार निर्मल वर्मा हे त्यांचे धाकटे बंधू. १९५० नंतरच्या दशकातील रामकुमारांच्या चित्रांत माणसेच माणसे होती, पण ती कशी? अंगात कोट, डोळ्यांत हताशपणा, हात कोठे ठेवावेत हे न उमगलेले बेकार तरुण आणि कारकून. पाठीमागे एकमेकांवर रेललेली शहरी घरे. फाळणीनंतरच्या दिल्लीतील मध्यमवर्गाचे ते दुःख होते.

१९६० साली ते मकबूल फिदा हुसेन यांच्यासह काशीस गेले. थंडीचे दिवस होते. रात्री उशिरा शहरात पाऊल ठेवले तेव्हा अंधूक दिव्यांच्या त्या निर्मनुष्य गल्ल्या पाहून हे नगर मृतांचेच असावे असे त्यांस वाटले, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. दिवसा घाटावर अंत्यसंस्कारास आलेले लोक, मृत्यूची वाट पाहत बसलेले वृद्ध आणि विधवा त्यांनी पाहिल्या. माणसांची चित्रे काढणाऱ्या कलावंतास याहून अधिक विषय कोठे मिळणार? तरीही घडले ते उलटे. रामकुमारांच्या चित्रांतून माणूस नाहीसा झाला. एवढे दुःख चेहऱ्यांतून सांगू गेल्यास ते लहान होईल, अशी जणू त्यांची खात्री पटली, आणि चेहऱ्यांचे काम त्यांनी भिंतींवर सोपविले.

आरंभीच्या काशीचित्रांत घरे ओळखू येतात. काळपट, करडी, मातकट अशी खोक्यांसारखी घरे एकमेकांस चिकटून टेकाडासारखी उभी आहेत. दारे-खिडक्या म्हणजे काळोखाची भोके. खाली पाण्याचा एक फिकट पट्टा. पुढे पुढे खिडक्या बुजत गेल्या, पायऱ्यांचे तिरपे पट्टे झाले, देवळांचे कळस पाचरींसारखे टोकदार आकार बनले. दशक संपता संपता चित्र घाटासमोरून पाहिल्यासारखे न राहता उंचावरून पाहिल्यासारखे झाले. पाणी, वाळू, दगड यांतील सीमारेषा विरघळल्या आणि रंगाचे मोठमोठे ओघ कॅनव्हासवर आडवे-तिडवे वाहू लागले. नंतरच्या दशकांत त्यांनी लडाखचे उजाड डोंगरही याच पद्धतीने रंगविले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते पुनःपुन्हा काशीकडे वळले. त्यांना १९७२ साली पद्मश्री आणि २०१० साली पद्मभूषण मिळाले. १४ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

या चित्रांपुढे ‘हे कोठले?’ हा प्रश्न विचारून भागत नाही. ‘येथे भार कोठे आहे आणि मोकळीक कोठे आहे?’ असे विचारून पाहावे. चित्राचा एक भाग दाटलेला, जड, खाली ढळू पाहणारा असतो, तर दुसरा निवांत, रिकामा, धूसर. काशीची भौगोलिक रचना आठवा: एक काठ दगडांनी गच्च भरलेला, दुसरा काठ वाळूचा व ओसाड, मधून वाहते पाणी. चित्रकाराने तपशील गाळले, पण हे नाते गाळले नाही. स्वतःच्या वजनाने खचणारा घाट, दरवर्षी पायऱ्यांवर बसणारा गाळ, कललेले देऊळ या साऱ्यांचा गाभा त्या तिरप्या रंगपट्ट्यांत आहे, असे आम्हांस वाटते. या अर्थाने ती चित्रे काशीशी प्रामाणिकच आहेत.

नावे पुसली गेली काय?

येथे एक आक्षेप येतो, आणि आम्हां मराठी माणसांस तो विशेष बोचणारा आहे. अहिल्याबाईंचा घाट, भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट ही नावे टिकावीत म्हणून आपण इतिहास लिहितो, मुलांना सांगतो, यात्रेस गेल्यावर दगडावरील लेख वाचतो. आणि हा चित्रकार ते सारे घाट एका करड्या रंगात कालवून टाकतो! ज्यांनी पैसा ओतला, ज्यांनी दगड वाहिले, त्यांची स्मृती त्यात कोठे उरली? दूर मुलखात राहणाऱ्या समाजास नावांचे महत्त्व अधिक असते. कारण नाव गेले की तेथील आपले अस्तित्वच गेले अशी धास्ती त्यास असते. ही धास्ती खोटी नाही. परप्रांतातील कितीतरी मराठी वाड्यांची, मठांची, धर्मशाळांची नावे खरोखरच विसरली गेली आहेत.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे आमचे उत्तर असे की, इतिहासाचे काम चित्राने करावे अशी अपेक्षा धरू नये आणि चित्राचे काम इतिहासाने भागेल अशाही भ्रमात राहू नये. कोणता घाट कोणी बांधला हे सांगणे आपले कर्तव्य आहे व ते लिहूनच पार पाडावे लागेल. पण घाट बांधणाऱ्यांस केवळ नाव लावावयाचे नव्हते. जेथे मनुष्य अखेरचे पाणी मागतो तेथे त्याच्या पायाखाली पायरी असावी, हा त्यांचा हेतू होता. त्या पायरीचा अर्थ सिमल्यास जन्मलेल्या, मराठीशी संबंध नसलेल्या एका कलावंतास नावे न वाचताही लागला, ही बांधणाऱ्यांच्या यशाचीच खूण नव्हे काय? नाव आपल्यापुरते असते. अर्थ परक्यापर्यंत पोहोचतो. दोहोंपैकी एकच राखता येईल असे कोणी म्हणत नाही. दोन्ही राखावयाचे, तर दोन्हींची भाषा शिकावी लागते.

रझांचे अरण्य

अंतराचा हा नियम सय्यद हैदर रझा यांच्या बाबतीत अधिकच ठळकपणे दिसतो. त्यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यातील अरण्यप्रदेशात झाला. वडील जंगलखात्यात. घनदाट अरण्यातील रात्रींची भीती आणि बाजाराच्या दिवशीचे रंग, या दोन गोष्टी त्यांच्या मनावर कायमच्या कोरल्या गेल्या. चंचल विद्यार्थ्याचे मन स्थिर व्हावे म्हणून शाळेतील गुरुजींनी भिंतीवर बिंदू काढून त्याकडे पाहत बसावयास सांगितले, ही त्यांची आठवणही प्रसिद्ध आहे. चित्रकलेचे पहिले शिक्षण त्यांनी नागपुरास बापूराव आठवले यांच्या कलाशाळेत घेतले. मग मुंबईस येऊन सर ज. जी. कलाशाळेत. मुंबईत पोटासाठी ब्लॉक तयार करणाऱ्या एका स्टुडिओत काम करताना फोर्ट भागातील रस्ते व इमारती ते जलरंगांत रंगवीत. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला.

१९४८ साली काश्मिरात त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. रझांची चित्रे पाहून ते म्हणाले की, प्रतिभा आहे पण बांधणी नाही. चित्र घरासारखे पायापासून रचावे लागते, तेव्हा सेझानचा अभ्यास करा. घर बांधण्याची उपमा येथे चित्रकलेच्या मर्मापर्यंत पोहोचते. १९५० साली रझा पॅरिसला गेले. आरंभी त्यांनी दक्षिण फ्रान्समधील खेडी रंगविली: निर्मनुष्य, काटकोनी घरे, काळ्या आकाशाखाली जणू तरंगणारी. १९५६ साली त्यांना तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार लाभला. हळूहळू घरांच्या कडा वितळल्या, रंग भडकला आणि १९७० च्या दशकात ‘राजस्थान’, पुढे १९८३ साली ‘सौराष्ट्र’ अशी नावे धारण करणारी चित्रे अवतरली. फ्रान्समध्ये बसून ते मंडल्याच्या रात्रीचा काळोख आणि बाजाराचा तांबडा-पिवळा रंग शोधीत होते. अखेर तो बालपणीचा बिंदूच त्यांच्या चित्राच्या मध्यभागी येऊन बसला. सहा दशके परदेशी राहून ते २०१० च्या अखेरीस दिल्लीस परतले. २०१६ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडल्यासच, वडिलांच्या कबरीशेजारी, त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

गायतोंडे: निराळा सूर

सारेच चित्रकार या विवेचनात बसतील असे मात्र मानू नये. वासुदेव संतू गायतोंडे यांचे उदाहरण मुद्दाम घेण्यासारखे आहे. गोमंतकीय कुटुंबातील गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरास झाला. बालपण मुंबईत गिरगावच्या चाळीत गेले. १९४८ साली त्यांनी ज. जी. कलाशाळेची पदविका घेतली. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई संस्थेत, समुद्राच्या सान्निध्यात, ते दीर्घकाळ काम करीत. १९६४-६५ मध्ये ते न्यूयॉर्कला होते. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७२ नंतर ते दिल्लीत, निजामुद्दीन भागातील एका बरसातीत अत्यंत साधेपणाने व एकांतात राहिले. २००१ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले.

१९६० च्या सुमारासच्या त्यांच्या चित्रांत एक आडवी अंधूक रेषा दिसते आणि पाहणारास ती क्षितिजाची वाटते. खालचा तेजस्वी धूसर भाग समुद्राचा वाटतो. परंतु गायतोंडे स्वतः हे मान्य करीत नसत. आपली चित्रे ‘अमूर्त’ आहेत हेही त्यांस मान्य नव्हते. कशापासून तरी काढून घेतलेले ते अमूर्त. आपल्या चित्रास असा मूळ विषयच नाही, म्हणून ते त्यास ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. रोलर आणि रंगपट्टीने रंगाचे थर चढवावयाचे, उतरवावयाचे, वाट पाहावयाची. वर्षाकाठी जेमतेम पाचसहा चित्रे पूर्ण करावयाची, अशी त्यांची रीत. त्यांच्या चित्रात गिरगाव चौपाटीचा समुद्र शोधणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. आपला माणूस म्हणून प्रत्येक कलावंताच्या कलेत आपले गाव शोधण्याचा मोह परप्रांतीय मराठी माणसास अनावर असतो. गायतोंडे त्या मोहास ठामपणे नकार देतात, आणि तो नकारही ऐकला पाहिजे.

आणखी तीन वाटा

नसरीन मोहमदी यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. मुंबई, लंडन, पॅरिस, दिल्ली असा प्रवास करून त्या १९७२ पासून बडोद्याच्या कलाशाखेत शिकवू लागल्या. कागदावर शाईने व पेन्सिलीने आखलेल्या बारीक रेषांच्या जाळ्या ही त्यांची ओळख. वास्तुरचनाकाराच्या उपकरणांनी काढलेल्या या रेषा पाहून त्या केवळ गणिती वाटतात. पण त्यांनी टिपलेली छायाचित्रे पाहिली की फत्तेपूर सिक्रीच्या दगडी फरशीवरील सांधे आणि ओहोटीनंतर वाळूवर उमटलेल्या रेघा त्या किती एकाग्रतेने न्याहाळीत हे कळते. अलिबागजवळच्या किहीमचा किनारा त्यांना प्रिय होता. मज्जासंस्थेच्या असाध्य विकाराशी झुंजत असतानाही त्यांच्या रेषेचा नेमकेपणा ढळला नाही. १९९० साली किहीम येथेच त्यांचे निधन झाले.

गणेश हलोई यांची वाट उलट दिशेची. १९३६ साली पूर्व बंगालातील जमालपूर येथे जन्मलेला हा मुलगा फाळणीनंतर कोलकात्यास आला. कलाशिक्षण पूर्ण होताच पुरातत्त्वखात्यातर्फे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी तो १९५७ साली महाराष्ट्रात आला आणि कित्येक वर्षे त्या लेण्यांत राबला. पुढे कोलकात्यास अध्यापन करताना हलोईंनी जी अमूर्त चित्रे केली, त्यांत हरवलेल्या बंगालातील पाणथळ जमिनी, बांध, पाऊलवाटा केवळ ठिपक्यांनी व तुटक रेषांनी सुचविल्या आहेत. आपण महाराष्ट्र सोडून दूर गेलो; हा कलावंत आपल्या लेण्यांत येऊन परका म्हणून राहिला व शिकला, हा योग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

तिसरे नाव प्रभाकर बरवे यांचे. ज. जी. कलाशाळेत शिकलेले बरवे १९६० नंतरच्या काही वर्षांत विणकर सेवा केंद्राच्या नोकरीनिमित्त काशीस होते. रामकुमारांच्या मनात घाट भरले, त्याच सुमारास त्याच नगरात बरव्यांना भेटली ती तांत्रिक चिन्हांची दुनिया. एकाच गावाने दोघांना निरनिराळे दिले. पुढे बरव्यांनी चित्रविचारावर मराठीत ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहिले. आपल्या भाषेत या विषयावर विचार करू इच्छिणाऱ्याने ते अवश्य वाचावे.

समारोप

या सर्व उदाहरणांवरून एवढे तरी दिसून यावे की, निसर्ग व वास्तू यांतून आलेले अमूर्त चित्र हे दृश्याचा अव्हेर नसून दृश्याचा अर्क आहे. अंतर पडल्यावर तपशील गळतात. भार, उतार, उजेड आणि मोकळी जागा तेवढी राहते. दूर राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात गावाचे जे चित्र असते तेही असेच नाही काय? आजोळच्या घराला खिडक्या किती होत्या हे आठवत नाही. पण ओटीवरचा गारवा आठवतो, माजघरातील काळोख आठवतो. परप्रांतात जन्मलेल्या आपल्या मुलांस तर तो तपशील मिळालेलाच नाही. त्यांच्या वाट्यास आपल्या सांगण्यातून आलेला अर्कच येणार. तो कसदार असावा, ही जबाबदारी आपली.

यासाठी फार काही करावे लागते असे नाही. दिल्लीच्या जयपूर हाऊसमधील राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय, त्याची मुंबई व बंगळूर येथील दालने, भोपाळचे भारत भवन ही स्थाने सर्वांस खुली आहेत. काशीस यात्रेला गेल्यावर नाव करून एकदा घाटांसमोरून जावे. प्रथम मुलांना नावे सांगावीत: हा अहिल्याबाईंचा, हा भोसल्यांचा, हा शिंद्यांचा. मग थोडा वेळ नावे बाजूस ठेवून, डोळे किंचित मिटून, दगडांचा तो दाटलेला काठ आणि समोरची ओसाड वाळू नुसती पाहावयास सांगावी. बांधणाऱ्यांचे नाव आणि बांधणीचा अर्थ, दोन्ही एकाच फेरीत हाती लागतील. आणि पुढे केव्हातरी एखाद्या दालनात रामकुमारांच्या करड्या, तिरप्या रंगांपुढे उभे राहिल्यावर ‘हे कोठले?’ असा प्रश्न त्या मुलांस पडणार नाही.